गाडीवाचून आपलं इतकं का अडतं?

५ जानेवारी २०२५ पासून न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागात गाडी घेऊन शिरायचं असेल तर पैसे मोजावे लागतात. गर्दीच्या वेळी साध्या कारला दिवसाला नऊ डॉलर. हे शुल्क खरं तर जून २०२४ मध्येच सुरू व्हायचं होतं, तेही पंधरा डॉलर. पण ऐन वेळी राज्याच्या गव्हर्नरांनी ते थांबवलं, पुढे दर कमी करून परत आणलं, आणि मधल्या काळात कोर्टकचेऱ्या आणि वादावादी यथासांग पार पडली. एका गटाच्या मते हा सामान्य माणसाच्या खिशावर दरोडा होता. दुसऱ्याच्या मते शहराला श्वास घेता यावा म्हणून उरलेला एकमेव उपाय.

'कार कमी करा' हा विषय जगात जिथे निघतो तिथे असंच होतं, आणि माझ्या मते त्यामागे व्याकरणाचा घोटाळा आहे. एक बाजू गाडीबद्दल बोलत असते, दुसरी गाड्यांबद्दल. एकवचनातली गाडी खरोखर गुणी वस्तू आहे. दारातून निघते, दारात नेऊन सोडते, पावसात भिजवत नाही, रात्री-अपरात्री नाही म्हणत नाही. अनेकवचनात मात्र तिचे बरेचसे गुण गळून पडतात. रस्त्यावर एकटी असलेली गाडी वेगवान असते. दहा हजार गाड्यांतली एक असली की ती सायकलच्याही मागे पडते. आणि मजा अशी की प्रत्येक जण विकत घेतो ती एकवचनातली, आणि पदरात पडते अनेकवचनातली.

वापर वेगळा, अवलंबन वेगळं

समाज गाडीवर अवलंबून आहे म्हणजे लोकांकडे खूप गाड्या आहेत, असा अर्थ नव्हे. गाडी नसलेल्या माणसाला जिथे कामावर जाणं, किराणा आणणं, मुलाला शाळेत पोचवणं, दवाखाना गाठणं यातलं काहीच धडपणे जमत नाही, ते ठिकाण गाडीवर अवलंबून. कसोटी सोपी आहे. गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये गेली तर काय होतं? चिडचिड झाली, तर तो वापर. घरचं सगळंच ठप्प झालं, तर ते अवलंबन.

सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचं नाव हमखास घेतलं जातं. लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख, सायकली त्याहून जास्त, आणि एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक सायकलवर. पण याच देशात दर दोन माणसांमागे जवळपास एक कारही आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. डच माणूस गाडी घेतो, हौसेने चालवतो, सुट्टीत तिला मागे फिरतं घर जोडून परदेशीही जातो. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ती काढत नाही, कारण काढावी लागत नाही. २०१६ मध्ये वेझ या नकाशाच्या ॲपने कोणत्या देशातले चालक किती समाधानी आहेत याची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला नंबर नेदरलँड्सचा आला. ज्यांना गाडी नको होती ते रस्त्यात मधे आलेच नाहीत, तर ज्यांना हवी होती त्यांना रस्ता मोकळा मिळणारच.

तेव्हा 'गाड्या असाव्यात की नसाव्यात' हा प्रश्नच नाही. गाडी न काढण्याची सोय असावी की नाही, हा आहे.

एक माणूस किती जागा अडवतो?

या विषयातलं निम्मं भांडण एका गुणाकाराने मिटतं, म्हणून जरा कागद-पेन्सिल घेऊ.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवावं, असं चालकांना अनेक देशांत शिकवतात. म्हणजे पुढे २८ मीटर मोकळे, अधिक गाडीची स्वतःची लांबी ५ मीटर, झाले ३३. लेनची रुंदी साडेतीन मीटर धरली तर एका गाडीखाली ११५ चौरस मीटर रस्ता गुंतला. गाडीत सरासरी दीड माणूस धरू (अनेक देशांत आकडा याच्या आसपासच असतो), म्हणजे माणशी पाऊणशे चौरस मीटर.

आता तेवढ्याच वेगाने जाणारी बारा मीटर लांबीची बस घ्या. तेच २८ मीटर अंतर, अधिक १२, गुणिले साडेतीन: १४० चौरस मीटर. आत पन्नास जण असतील तर माणशी तीनही भरत नाहीत. फरक पंचवीस पटींहून जास्त. यावर कुणी म्हणेल, पण बस बऱ्याचदा रिकामी धावते. हरकत नाही, गणित तिथेही करू. बसमध्ये फक्त दोन प्रवासी असले तरी माणशी सत्तर चौरस मीटर होतात, म्हणजे ती गाडीशी बरोबरी करते. (हे फक्त जागेचं बोललो. दोन माणसांसाठी बारा मीटरची बस पळवणं हा इंधनाचा अपव्ययच.)

हे थांबलेल्या गाडीचं नव्हतं, धावत्या गाडीचं होतं. थांबलेलीचं दुखणं वेगळं आहे. उभी गाडी स्वतः साडेबारा चौरस मीटर घेते, आणि तिला आतबाहेर करायची वाट धरली तर पार्किंगमध्ये गाडीमागे पंचवीस ते तीस. ती चालवत आलेल्या माणसाच्या टेबल-खुर्चीला कचेरीत याच्या निम्मीही जागा मिळत नाही. शिवाय गाडीला एक जागा पुरत नाही. एक घरापाशी, एक कामापाशी, एक बाजारात, एक दवाखान्यात, आणि मालक जिथे जाईल तिथे ती आधीपासून रिकामी राहिलेली हवी. अमेरिकेतले डोनाल्ड शूप यांनी उभं आयुष्य पार्किंगच्या अभ्यासात घालवलं. त्यांचा एक हिशेब फार प्रसिद्ध आहे: सरासरी गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते. आपण ज्याला वाहन म्हणतो ते बहुतेक वेळ फर्निचर असतं, आणि ते फर्निचर आपण सार्वजनिक रस्त्यावर ठेवतो.

मग रस्ते रुंद का करू नयेत?

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात स्वाभाविक प्रश्न. पाणी तुंबलं तर पाइप मोठा करायचा, तसा रस्ता मोठा करू. गडबड अशी की वाहतूक पाण्यासारखी वागत नाही. पाणी ठरावीक असतं. वाहतूक म्हणजे माणसांचे निर्णय, आणि समोर काय दिसतं ते पाहून माणसं निर्णय बदलतात.

त्यापेक्षा कपाटाची उपमा जवळची. जुन्या कपाटात कपडे मावत नाहीत म्हणून मोठं आणलं, की वर्षभरात तेही भरतं. कपडे कुठून आले? काही खुर्चीवर पडलेले होते, काही ट्रंकेत होते, आणि काही, जागा आहे म्हणून, नवीन घेतले. रस्त्याचं असंच होतं. रुंद रस्ता मोकळा दिसला की आधी सकाळी सहाला निघणारा आठला निघतो, शेजारच्या गल्लीतून जाणारा इकडे येतो, रेल्वेने जाणारा गाडी काढतो, आणि 'कशाला एवढं लांब जायचं' म्हणून घरी बसणाराही बाहेर पडतो. याला वाहतुकीच्या अभ्यासात प्रेरित मागणी म्हणतात: रस्ता वाढवल्यामुळेच वाढलेली वाहतूक.

अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे मांडलं होतं. २०११ मध्ये डुरांटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढली, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यावरचा प्रवास वाढलेला सापडला. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे याचं अवाढव्य उदाहरण आहे. २००८ मध्ये रुंदीकरण संपलं तेव्हा शेजारचे जोडरस्ते धरून काही ठिकाणी तो २६ लेनचा झाला होता. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास आधीपेक्षा जास्त वेळ खाऊ लागला.

उलट दिशेने काय होतं? दक्षिण कोरियाच्या सोल शहरात चंग्येचन नावाच्या ओढ्यावर उंच महामार्ग बांधलेला होता. रोज दीड लाखाहून जास्त गाड्या त्या पट्ट्यातून जात. २००३ मध्ये शहराने तो पाडायला घेतला. गाड्या जातील कुठे, शहर गुदमरेल, अशी भीती घालणारे कमी नव्हते. २००५ मध्ये तिथे उघडा ओढा आणि काठाने चालायची वाट आली. बससाठी स्वतंत्र लेन दिल्या गेल्या. शहर गुदमरलं नाही. जागा वाढली की वाहतूक जशी 'उगवते' तशी जागा कमी झाली की तिचा काही भाग विरूनही जातो, कारण गल्ली बदलणारे, वेळ बदलणारे आणि बेत रद्द करणारे तेच लोक असतात.

कोणताही रस्ता कधीच रुंद करू नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. नव्या रस्त्याने जास्त माणसं जास्त ठिकाणी जातात, हा फायदा असतोच. फक्त कोंडी फुटेल हे आश्वासन खोटं ठरतं, आणि नेमकं त्याच आश्वासनावर रस्ते मंजूर होतात.

वाचलेला वेळ जातो कुठे?

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं, जे इस्रायली अभियंता याकोव्ह झहावी यांच्या कामावर उभं होतं. माणूस रोज प्रवासात सरासरी तासभर घालवतो, आणि हा तास काळ बदलला, वाहन बदललं तरी फारसा बदलत नाही. पायी चालणाऱ्यांची जुनी शहरं तासाभरात ये-जा होईल एवढीच होती. ट्राम आल्या, शहरं पसरली. गाड्या आल्या, आणखी पसरली.

म्हणजे वेग वाढून वेळ वाचला नाही, अंतर वाढलं. हा सगळा विषय इथे येऊन बसतो. घर लांब गेलं, शाळा मोठी होऊन शहराबाहेर गेली, कोपऱ्यावरचं दुकान बंद पडून महामार्गाकाठी गोदामाएवढं दुकान उघडलं. प्रत्येक टप्प्यावर गाडी असलेल्याला फरक पडला नाही, कारण त्याचा तास तासच राहिला. गाडी नसलेल्याचा तास मात्र तीन तासांचा झाला. मग त्यानेही कर्ज काढून गाडी घेतली. त्याने घेतली म्हणून बसचा एक प्रवासी कमी झाला. प्रवासी कमी झाले म्हणून बस वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांनी येऊ लागली, आणि चाळीस मिनिटं थांबायला कंटाळून पुढच्याने गाडी घेतली.

भरल्या दालनात एक जण जरा मोठ्याने बोलू लागतो. शेजाऱ्याला ऐकू येईना म्हणून तोही आवाज चढवतो. दहा मिनिटांनी सगळे ओरडत असतात आणि कुणालाच कुणाचं ऐकू येत नसतं. यात मूर्ख कुणीच नाही. प्रत्येकाने स्वतःपुरतं शहाणपणाचंच केलं.

हे असंच होणार होतं का?

'लोकांना गाडी आवडली म्हणून जग असं झालं' हे अर्धसत्य आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शहरांत रस्ता सगळ्यांचा होता. मुलं तिथे खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसं वाटेल तिथून ओलांडत. मोटारी आल्या, माणसं चिरडली जाऊ लागली, तेव्हा लोकांचा पहिला राग गाड्यांवर निघाला. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजार लोकांनी सह्या करून मागणी केली, की प्रत्येक गाडीला असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या वर पळूच शकणार नाही. मोटारविक्रेत्यांनी सगळा जोर लावला आणि प्रस्ताव मतदानात पडला. त्याच काळात 'जेवॉकर' हा शब्द रूढ करण्यात आला. 'जे' म्हणजे शहराच्या रीती न कळणारा गावंढळ. जेवॉकर म्हणजे ज्याला चालायचंही कळत नाही असा. चूक भरधाव येणाऱ्याची की चालणाऱ्याची, या प्रश्नाचा निकाल एका शिवीने लावला. एखाद्या शब्दाने इतकी जमीन जिंकल्याची उदाहरणं इतिहासात कमीच असतील.

पुढचं काम नियमांनी केलं. अनेक शहरांनी ठरवलं की इमारत बांधायची तर अमुक इतकं पार्किंग सोडलंच पाहिजे. त्याचा खर्च घरभाड्यात आणि वस्तूंच्या किमतीत मिसळला, त्यामुळे तो गाडी नसलेल्यानेही भरला. दोन दुकानांच्या मधे डांबराचं मैदान आलं, ते पायी ओलांडणं जिवावर येऊ लागलं, म्हणून गाडी लागली, म्हणून आणखी डांबर लागलं. जपानने १९६२ मध्ये नेमकी उलटी वाट धरली: गाडी घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर तुमची जागा आहे हे आधी सिद्ध करा. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये 'किमान इतकं पार्किंग' हा नियम बदलून 'कमाल इतकंच' असा केला. माणसं तीच होती, गाड्याही त्याच. नियम वेगळा असला की शहर वेगळं घडतं.

गाडीच्या काचेबाहेरचे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले असतात. हे आकडे वाचून आपण पान उलटतो, कारण 'अपघात' हा शब्द आपण त्यासाठी वापरतो, आणि अपघात म्हटलं की दैव आलं.

दैवाचा भाग किती आणि वेगाचा किती, हे मात्र मोजता येतं. टक्कर किती जोराची होणार ते वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग गुणिले वेग यावर, ठरतं. ताशी ३० ऐवजी ५० म्हणजे वेग पावणेदोन पटीहूनही कमी वाढला, पण आघात जवळपास पावणेतीन पट. ३० ला धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. ५० ला तशी खात्री देता येत नाही. हेलसिंकीने निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली. सुमारे सात लाख वस्तीच्या या शहरात जुलै २०२५ पर्यंतच्या वर्षभरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही.

नेदरलँड्सही जन्मजात सायकलींचं नव्हतं. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून 'मुलांची हत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आया-बाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्याला जोड मिळाली. आज आपण ज्याला डच संस्कृती म्हणतो ती पन्नास वर्षांपूर्वी भांडून मिळवलेली आहे.

एक तोटा असा आहे जो कुठल्याच खात्यात लिहिला जात नाही. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन सारख्याच रस्त्यांवर राहणाऱ्यांना विचारलं, की तुमचे याच रस्त्यावर मित्र किती? दिवसाला दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर सरासरी उत्तर तीन. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाशी ओळख व्हायला मधला रस्ता ओलांडता यावा लागतो, एवढंच. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेले.

पण आता विजेच्या गाड्या येताहेत ना?

येताहेत, आणि याव्यात. धूर जातो, आवाज कमी होतो, इंजिनापेक्षा मोटर ऊर्जा कितीतरी कमी वाया घालवते. नॉर्वेमध्ये २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. पण वरचा गुणाकार पुन्हा काढून बघा. त्यात इंधन कुठेच नव्हतं. विजेवरच्या गाडीलाही तेच ११५ चौरस मीटर लागतात आणि तीही दिवसभर उभीच असते. बॅटरीमुळे ती जड असते, त्यामुळे टायर झिजून उडणारे कण कमी होत नाहीत. विजेच्या गाड्यांची कोंडी ही स्वच्छ कोंडी असेल.

चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्यांबद्दल मला जास्त धास्ती वाटते. कॅलिफोर्नियात काही संशोधकांनी एक गमतीशीर प्रयोग केला. तेरा जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला. गाडी आपोआप चालू लागली तर लोक कसे वागतील याची ती रंगीत तालीम. त्यांच्या गाड्यांचा प्रवास ८३ टक्क्यांनी वाढला. गाडी रिकामी पाठवून वस्तू आणणं, मुलांना एकटंच गाडीत बसवून पाठवणं, सगळं सुरू झालं. तेरा म्हणजे काही मोठा नमुना नाही, पण चालवण्याचा कंटाळा हाच आज गाडीला लागलेला एक मोठा ब्रेक आहे, आणि तो काढल्यावर काय होईल याची झलक त्यात दिसते.

आधी बस द्या, मग आमच्या गाडीला हात लावा

या आक्षेपात दम आहे. पर्याय नसताना दंड लावणं म्हणजे छळ. पण 'आधी' आणि 'मग' इतके सुटे करता येत नाहीत. बस वेळेवर येत नाही कारण ती गाड्यांच्या कोंडीत अडकलेली असते. तिला स्वतःची लेन द्यायची तर ती गाड्यांकडूनच घ्यावी लागते. कोलंबियातल्या बोगोटा शहराने २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू केली ती रस्त्याच्या मधल्या लेन बसला तोडून देऊन. आज त्या बस इतक्या खचाखच भरतात की लोक तक्रार करतात, पण तक्रार गर्दीची आहे, रिकाम्या बसची नाही.

तिकीट फुकट केलं की काम होईल, असंही अनेकांना वाटतं. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली. तरी माणशी गाड्यांच्या बाबतीत तो देश युरोपीय संघात अगदी वरच राहिला. लोकांना तिकिटापेक्षा थांब्यावरचा वेळ जास्त महाग पडतो. बस दर दहा मिनिटांनी आली तर वेळापत्रक बघावं लागत नाही. चाळीस मिनिटांनी आली तर सगळा दिवस तिच्याभोवती आखावा लागतो, मग ती फुकट असो वा नसो.

गरिबांनी आणि म्हाताऱ्यांनी काय करायचं?

शुल्क लावलं की श्रीमंत भरतील आणि गरीब अडकतील, ही भीती ऐकायला न्याय्य वाटते. मोठ्या शहरांच्या मध्यभागात ऐन गर्दीत गाडी घेऊन जाणारे बहुतेक करून गरीब नसतात. गरीब त्याच कोंडीत अडकलेल्या बसमध्ये असतात. बहुतेक करून, हे मुद्दाम म्हटलं. पहाटे तीनला साफसफाईचं काम संपवून परतणाऱ्याला बस नसते, आणि त्याच्यासाठी सूट ठेवली नाही तर योजना खरोखर अन्यायाची होते.

रस्ता फुकट असतो हाही भ्रमच. विल्यम विक्री हे अर्थतज्ज्ञ १९५० च्या दशकापासून सांगत होते, की रस्त्याची किंमत आपण मोजतोच, फक्त पैशांऐवजी रांगेत उभं राहून. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले. तोवर सिंगापूरने त्यांच्या कल्पनेवर एकवीस वर्षं अंमल केलेला होता: १९७५ पासून, गाडीच्या काचेला चिकटवायच्या कागदी परवान्यांनिशी.

म्हातारी माणसं, अपंग माणसं यांचं नाव गाडीच्या बाजूने फार घेतलं जातं. काहींना गाडी लागतेच, आणि त्यांच्यासाठी दारापर्यंत वाट राहायला हवी. पण दृष्टी गेलेला, फिट येणारा, हात थरथरणारा, पंधरा वर्षांचा, असे कितीतरी जण गाडी चालवूच शकत नाहीत. गाडीवर अवलंबून असलेल्या ठिकाणी यांचं घर म्हणजे स्थानबद्धता, आणि त्यांच्या मुलांची किंवा आईबापांची नोकरी ड्रायव्हरची. गाडी म्हणजे स्वातंत्र्य, हे वाक्य लायसन्स असलेल्यांनी लिहिलेलं आहे.

आणि जिथे वस्तीच विरळ आहे तिथे?

तिथे गाडी राहील. मैलोन्‌मैल शेतं आणि मधे दोन घरं असतील तर बस चालवण्यात अर्थ नाही. तिथे गाडी एकवचनातच असते आणि एकवचनात ती चांगलीच आहे. मुद्दा आहे तो शहरातल्या छोट्या फेऱ्यांचा. अमेरिकेसारख्या अजस्र देशातही २०२१ मध्ये लोकांच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त तीन मैलांच्या, म्हणजे साधारण पाच किलोमीटरच्या आत होत्या.

लोक हे कधीच मान्य करणार नाहीत

राजकारणी हा आक्षेप सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात खासगीत सांगतात. त्यावर स्टॉकहोमची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

२००६ च्या जानेवारीत तिथे शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क सुरू झालं, सात महिन्यांच्या चाचणीपुरतं. काही महिने आधीपासून जादा बस सोडल्या होत्या. बहुसंख्य लोक विरोधात होते. पहिल्याच दिवसांत शहराच्या वेशीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. जुलैअखेर चाचणी संपली, शुल्क थांबलं, आणि गाड्या परत आल्या. सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं आणि शहरातल्या थोड्याशा बहुमताने शुल्क हवं म्हटलं. २००७ मध्ये ते कायम झालं. पुढच्या काही वर्षांत पाठिंबा वाढत वाढत दहातल्या सातांपर्यंत गेला.

या योजनेवर काम केलेले वाहतूकतज्ज्ञ योनास एलियासन यांना पुढे एक कोडं पडलं. पाचवा हिस्सा गाड्या गेल्या, म्हणजे त्या कुणाच्या तरी होत्या. त्यांनी लोकांना विचारलं, तुम्ही काय बदललंत? बहुतेकांना आपण काही बदललं असं आठवेना. मग विरोध करणाऱ्यांचा शोध घेतला, की तुमचं मत कशामुळे फिरलं? तर ज्यांची मतं फिरली होती त्यांतल्या अनेकांचं म्हणणं होतं, की आम्ही तर पहिल्यापासून याच्या बाजूनेच होतो.